लिंक पहिल्या कमेंटमध्ये

‘लिंक पहिल्या कमेंटमध्ये दिली आहे.’ फेसबुकवर वावरणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वाचलेलं असतं आणि लिहित्या माणसांनी कधी ना कधी लिहिलेलंही असतं. पोस्टमध्येच लिंक टाकली तर पोस्ट फार लोकांपर्यंत पोचत नाही, ही समजूत आता इतकी मुरली आहे की तिचं कारण कोणी विचारत नाही. इन्स्टाग्रामवर मजकुरात लिंक लिहिली तरी ती उघडत नाही, म्हणून तिथे ‘लिंक बायोमध्ये’. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) तर खुद्द मालकांनी, म्हणजे इलॉन मस्क यांनी, नोव्हेंबर २०२४मध्ये सल्ला दिला की मुख्य पोस्टमध्ये वर्णन लिहा आणि लिंक खाली उत्तरात टाका. एरवी संदर्भाबद्दल काटेकोर असणारी माणसं आपला संदर्भ चोरीच्या मालासारखा मागच्या दाराने आत आणतात, हे जरा थांबून पाहिलं तर विचित्रच आहे.

ब्लॉग बरा की सोशल मीडिया, हा वाद निघाला की गाडी हमखास लांबीवर आणि दर्जावर येते. ब्लॉगवर सखोल, सोशल मीडियावर उथळ, अशी वाटणी करून लोक मोकळे होतात. मला ती मान्य नाही. फेसबुकवर मी अप्रतिम दीर्घ लेख वाचले आहेत, आणि रटाळ, आत्ममग्न ब्लॉगांचा तर कधीच तुटवडा नव्हता. माझं म्हणणं वेगळं आहे. विचार पसरायला आणि सापडायला सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती एका मजकुरातून दुसऱ्या मजकुराकडे जाणारी वाट, आणि सोशल मीडियाच्या कंपन्यांचं हित ती वाट अरुंद ठेवण्यात आहे. वाचक बाहेर गेला की त्याला जाहिरात दाखवता येत नाही. यात कुठलंही कारस्थान शोधायची गरज नाही, साधा हिशेब आहे.

हा बदल सगळ्यात स्वच्छ दिसला तो अशा एका माणसाला, जो मधली सहा वर्षं इंटरनेटच्या जाळ्यावर नव्हताच. होसेन देराखशान हे इराणी-कॅनेडियन ब्लॉगर. फारसीत ब्लॉग कसा सुरू करायचा याची माहिती त्यांनी २००१मध्ये लिहून काढली आणि त्यानंतर फारसी ब्लॉगांची लाटच आली. नोव्हेंबर २००८मध्ये त्यांना तेहरानमध्ये अटक झाली, पुढे साडेएकोणीस वर्षांची शिक्षा झाली, आणि नोव्हेंबर २०१४मध्ये ते सुटले. ते आत गेले तेव्हा फेसबुकवर लाइकचं बटणही नव्हतं (ते आलं फेब्रुवारी २००९मध्ये), इन्स्टाग्रामचा तर जन्मच व्हायचा होता. बाहेर आल्यावर त्यांनी जुन्या सवयीने आपल्या लेखाची लिंक फेसबुकवर टाकली. तीन लाइक मिळाले. एके काळी ज्यांच्या एका लिंकने दुसऱ्याच्या ब्लॉगवर वाचकांची रीघ लागायची, त्यांची ही गत. २०१५मध्ये त्यांनी यावर जो लेख लिहिला त्यात स्वतःचं रडगाणं फार कमी आहे. त्यांची तक्रार होती की लिंक हे जाळ्याचं चलन होतं आणि तेच कोणीतरी रद्द करून टाकलं.

पूर्वीची व्यवस्था कशी चालायची हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ब्लॉग लिहिण्याच्या सोयींपैकी ‘ब्लॉगर’ ऑगस्ट १९९९मध्ये सुरू झालं, वर्डप्रेस मे २००३मध्ये. ब्लॉगच्या कडेला एक यादी असायची: मी कोणाकोणाला वाचतो. आरएसएस नावाची एक सोय होती, अजूनही आहे, जिच्यामुळे तुम्ही निवडलेल्या ब्लॉगांचे नवे लेख एकाच ठिकाणी, आलेल्या क्रमाने दिसायचे. २००२मध्ये ट्रॅकबॅक आलं. माझ्या लेखाला तुम्ही तुमच्या ब्लॉगवर उत्तर दिलंत की माझ्या लेखाखाली त्याची नोंद आपोआप उमटायची. म्हणजे विरोधक आपल्या घरी बसून, आपल्या नावाने, पुरेसा वेळ घेऊन उत्तर लिहायचा आणि तरीही माझ्या वाचकाला ते उत्तर सापडायचं. वाद घालण्याची याहून सभ्य पद्धत जाळ्यावर त्यानंतर निघालेली नाही. पुढे जाहिरातबाजांनी ट्रॅकबॅकमध्ये इतका कचरा ओतला की लोकांनी ते बंद केलं. तेव्हा सगळं खापर कंपन्यांवर फोडता येणार नाही.

सुवर्णयुगाच्या गोष्टी सांगणाऱ्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. फेसबुक जन्माला यायच्या वर्षभर आधी, २००३च्या सुरुवातीला, इंटरनेटवर लिहिणारे अमेरिकी लेखक क्ले शर्की यांनी दाखवून दिलं होतं की थोड्याशा ब्लॉगांकडे लिंकांचा फार मोठा वाटा जातो आणि उरलेल्या बहुसंख्यांच्या वाट्याला थोडंच येतं. तिथे ना अल्गोरिदम होता ना जाहिरातदार. माणसं निवड करायला मोकळी असली की ती दुसऱ्यांनी निवडलेलंच निवडतात, आणि ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्याकडे आणखी जातं. शिवाय ब्लॉग लिहिणं हे मुळात लिहिण्याची सवय, सवड आणि आत्मविश्वास असलेल्यांचं काम होतं. ज्यांना या तिन्ही गोष्टी मिळाल्या नव्हत्या त्यांना सोशल मीडियाने पहिल्यांदा बोलायला जागा दिली. हे उपकार छोटे नाहीत.

ऑक्टोबर २०१७मधलं, लैंगिक छळाबद्दल बोलणारं मी-टू आठवून पाहा. हे शब्द अमेरिकी कार्यकर्त्या टराना बर्क यांनी २००६पासूनच वापरात आणले होते, पण अकरा वर्षांनी काही दिवसांत लाखो बायकांनी ते आपापल्या खात्यावर लिहिले. कित्येकींनी तर तेवढेच दोन शब्द लिहिले, पुढे काही नाही. ब्लॉगवर हे घडलं नसतं. दोन शब्दांचा ब्लॉग कोण उघडून बघणार? पण त्या दोन शब्दांचं बळ ते किती जणींनी लिहिले यात होतं.

इथेच मला या प्रश्नाचा खरा सांधा दिसतो. साक्ष आणि युक्तिवाद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका व्यक्तीने सांगितलेला अनुभव आणि लाखोंनी सांगितलेला तोच अनुभव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. साक्षीला संख्येने वजन येतं. युक्तिवादाला येत नाही. चुकीचा युक्तिवाद दहा लाख लोकांनी शेअर केला तरी तो तितकाच चुकीचा राहतो, आणि बरोबर असलेला युक्तिवाद चारच जणांनी वाचला म्हणून लंगडा पडत नाही. सोशल मीडियाकडे मोजायला फक्त संख्या आहे. त्यामुळे साक्ष, बातमी, हाक, शोकसंदेश, मदतीची विनंती यांसाठी ते उत्तम साधन आहे. ज्या गोष्टीची किंमत संख्येवर ठरत नाही ती तिथे ठेवली की तिलाही संख्येचेच नियम लागू होतात, आणि मग लिहिणाऱ्याच्या हाताला तसं वळण लागतं. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्विटरवरचे राजकीय संदेश तपासले होते. नैतिक आणि भावनिक अशी दोन्ही छटा असलेला एकेक शब्द वाढला की संदेशाचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढत होता. हे ज्याला आकड्यांतून कळत नाही त्यालाही लाइकच्या अनुभवातून कळतंच. ‘मला वाटतं, पण खात्री नाही’ असं लिहिलेल्या वाक्याला तिथे भाव नाही.

युक्तिवाद आपल्या जागी नीट राहिला तर काय होऊ शकतं, याचं माझं आवडतं उदाहरण आर्सेनिकचं आहे. डिसेंबर २०१०मध्ये नासाने गाजावाजा करून पत्रकार परिषद घेतली. कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक या खारट सरोवरात एक जिवाणू सापडला होता, आणि फेलिसा वुल्फ-सायमन व त्यांच्या सहकाऱ्यांचा ‘सायन्स’ या नियतकालिकातला दावा होता की तो आपल्या डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरू शकतो. खरं असतं तर सजीवांच्या रसायनाबद्दलचं आपलं ज्ञान मुळापासून बदललं असतं. काही दिवसांतच ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी आपल्या ब्लॉगवर त्या शोधनिबंधाची चिरफाड केली. डीएनए पुरेसा शुद्ध केलेला नाही, जिवाणू वाढवायला वापरलेल्या द्रावणात फॉस्फेटचा अंश आहे आणि तो एवढ्या वाढीला पुरतो, असे त्यांचे आक्षेप होते, आकड्यांसकट मांडलेले. खाली इतर शास्त्रज्ञ येऊन भर घालत होते, कुठे रेडफिल्डनाही दुरुस्त करत होते. नासाकडून उत्तर आलं की असे वाद शास्त्रीय नियतकालिकांतून व्हावेत, ब्लॉगांवर नव्हे.

रेडफिल्ड यांनी मग तो जिवाणू मागवला, स्वतःच्या प्रयोगशाळेत वाढवला आणि प्रयोगांची प्रगती आणि फसगत दोन्ही ब्लॉगवर लिहीत गेल्या. जुलै २०१२मध्ये मूळ दावा खोडणारे निबंध ‘सायन्स’मध्येच छापून आले, त्यांतला एक त्यांच्या गटाचा होता. आणि जुलै २०२५मध्ये, जवळपास पंधरा वर्षांनी, ‘सायन्स’ने मूळ निबंध मागे घेतला. लेखकांना हा निर्णय मान्य नव्हता, तो वाद अजून धुमसतो आहे.

या गोष्टीत ट्विटरही होतं, हे लपवण्याचं कारण नाही. हॅशटॅग होता, त्यावर शास्त्रज्ञ तावातावाने बोलत होते, आणि रेडफिल्ड यांची नोंद अनेकांपर्यंत तिथूनच पोचली. ट्विटरने माणसं जमवली. पण जमलेल्या माणसांना जायला एक ठिकाण होतं. तिथे आक्षेप पूर्ण मांडलेला होता, त्याला पत्ता होता, त्यात दुरुस्ती करता येत होती आणि काय दुरुस्त केलं ते दिसत होतं. त्या आठवड्यातले ट्वीट आज कोणी उघडून वाचत नाही. ती ब्लॉगनोंद मात्र या प्रकरणावर लिहिणाऱ्याला आजही उद्धृत करावी लागते. दोन्ही साधनं आपापलं काम करत होती. नंतरच्या काळात पहिल्या साधनाने दुसऱ्याकडे जाणारा रस्ता अडवायला सुरुवात केली, माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे.

पत्त्याचं महत्त्व गणितज्ञांना सगळ्यांच्या आधी कळलं असावं. जानेवारी २००९मध्ये फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळवलेले टिमथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर विचारलं की गणितातला एखादा कठीण प्रश्न शेकडो लोकांनी मिळून, सगळ्यांसमक्ष सोडवता येईल का? एक प्रमेय निवडलं, नियम ठरवले. अर्धवट सुचलेलं लिहायचं, मनात ठेवून शिजवत बसायचं नाही, एका वेळी एकच छोटा मुद्दा मांडायचा. आणि प्रत्येक प्रतिसादाला क्रमांक. हा क्रमांक वरवर किरकोळ वाटतो, पण त्याच्यामुळे अमुक क्रमांकात जे म्हटलंय ते तमुक क्रमांकातल्या उदाहरणाला लागू पडत नाही, असं बोलता यायचं. दोनेक महिन्यांच्या आत सिद्धता हाताशी आली होती. निबंध प्रसिद्ध झाला तो डी. एच. जे. पॉलिमॅथ या सामूहिक टोपणनावाने. २०१३मध्ये गणितज्ञ यितांग झांग यांनी सिद्ध केलं की ज्यांच्यातलं अंतर ७ कोटींपेक्षा कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. तेव्हा गणितज्ञ टेरेन्स ताओ यांच्या ब्लॉगभोवती जमलेल्या अशाच गटाने तो ७ कोटींचा आकडा काही महिन्यांत ४,६८० वर आणला. मग जेम्स मेनार्ड यांनी स्वतंत्रपणे नवी पद्धत काढून ६०० गाठला आणि तिच्या आधाराने गट २४६ पर्यंत उतरला. प्रत्येक पायरी कोणाच्या कोणत्या वाक्यावर उभी आहे हे आजही मागे जाऊन पाहता येतं.

फीडमध्ये, म्हणजे सोशल मीडिया उघडल्यावर समोर सरकत राहणाऱ्या पोस्टींच्या रांगेत, असं मागे जाता येत नाही. परवा वाचलेली पोस्ट आज शोधायची असेल तर बहुतेक वेळा नाद सोडून द्यावा लागतो. फीडची रचनाच पुढे पाहण्यासाठी आहे. त्यामुळे तेच वाद दर काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्याच त्वेषाने, जणू आधी कोणी काही म्हटलंच नव्हतं. आणि दिसणाऱ्या लिंका तरी कितीजण उघडतात? २०१६मधल्या एका अभ्यासात असं आढळलं की ट्विटरवर शेअर झालेल्या ५९ टक्के लिंकांवर एकानेही क्लिक केलेलं नव्हतं. शेअर मात्र झालं होतं. जून २०२०मध्ये ट्विटरलाच विचारावं लागलं, की बाबा, पुढे पाठवण्याआधी लेख वाचून बघतोस का?

‘पण ब्लॉग वाचतं कोण?’ हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. ब्लॉग लिहिणं एकाकी काम आहे. महिनाभर खपून लिहिलेल्या लेखावर शांतता, आणि सकाळी सहज टाकलेल्या टिप्पणीवर दोनशे लाइक, हे वारंवार झालं की भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यांना दोष देणं म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यातला प्रकार. तरी एवढं म्हणेन की युक्तिवादाला हजारो वाचक लागत नाहीत, त्या विषयात मुरलेले थोडे लागतात, आणि ते येण्यासाठी लेख त्या जागी वर्षानुवर्षं असावा लागतो. विषयाच्या शोधात असलेला माणूस तीन वर्षांनी तिथे येतो. फीडमध्ये तीन वर्षांनी येणाऱ्यासाठी काही ठेवलेलं नसतं.

आता या तीन वर्षांनी येणाऱ्या वाचकाची वाटही धोक्यात आली आहे. तो यायचा सर्च इंजिनातून. २०२४पासून गूगल अनेक प्रश्नांची यंत्राने रचलेली उत्तरं निकालांच्या वरच दाखवू लागलं. उत्तर तुमच्याच लेखावरून बनलेलं असू शकतं, पण ते वाचून समाधान झालेला माणूस तुमच्यापर्यंत येत नाही, मग तुम्हाला विरोध करणाऱ्यापर्यंत जाणं तर दूरच. लिंकची गळचेपी अशी दोन्ही बाजूंनी चालू आहे.

टिकण्याबद्दल मात्र ब्लॉगवाल्यांनी फार ऐट मिरवू नये. लोकांचा मजकूर ठेवणाऱ्या साइटींपैकी जिओसिटीज २००९मध्ये गेलं, ऑर्कुट २०१४मध्ये, गूगल प्लस २०१९मध्ये, हे सगळे सांगतात. पण प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या पाहणीप्रमाणे २०१३मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती, आणि त्यांत स्वतंत्र ब्लॉगही आलेच. डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण राहून जातं, माणूस कंटाळतो, माणूस जातो. जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या भरवशावर सगळं सोडून देता येणार नाही.

मग करायचं काय? सोशल मीडिया सोडा, हा सल्ला मी देणार नाही. माणसं जिथे आहेत तिथे जावंच लागतं. मला सार्वजनिक पातळीवर एक मागणी पुढे यायला हवी आहे. युरोपीय संघाच्या २०२२च्या डिजिटल सेवा कायद्याने कंपन्यांना शिफारशींचे मुख्य निकष जाहीर करायला लावलं, आणि फार मोठ्या कंपन्यांना वैयक्तिक माहितीवर न बेतलेल्या फीडचा एक तरी पर्याय देणं बंधनकारक केलं. चांगली सुरुवात आहे. पण बाहेरची लिंक असलेल्या पोस्टची पोच कापली जाते का आणि किती, हा प्रश्न थेट, वेगळा विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर कंपनीच्या मर्जीवर सोडता कामा नये. डिसेंबर २०२२मध्ये ट्विटरने मॅस्टोडॉन (ट्विटरसारखंच दुसरं माध्यम), इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्याकडे जाणाऱ्या प्रचारी लिंकांवर सरळ बंदी घातली होती. एवढा ओरडा झाला की ती दिवसभरात मागे घ्यावी लागली. उघड बंदीला लोक विरोध करतात. पोच कापलेली कोणाला दिसतच नाही, म्हणून तिचा कायद्याने उजेडात आणून हिशेब मागायला हवा.

लिहिणाऱ्यांपुरतं बोलायचं तर आधी स्वतःच्या जागी लिहावं आणि मग बाकीकडे कळवावं. कळवताना लिंक पोस्टमध्येच टाकावी, पोच घटली तर घटू द्यावी. आणि दुसऱ्यांच्या लेखांना लिंक द्यावी, विशेषतः ज्यांचं म्हणणं आपल्याला पटत नाही त्यांच्या. सध्या आपण विरोधकाचा स्क्रीनशॉट लावतो. स्क्रीनशॉटमधून मूळ लेखाकडे जाता येत नाही, त्यातलं पुढचं-मागचं वाक्य दिसत नाही, आणि समोरच्याने नंतर काही दुरुस्ती केली असेल तर ती कळत नाही. कंपन्यांनी लावलेली सवय आपण हौसेने पाळतो आहोत.

यावर ‘सामान्य वाचकाला आरएसएस वगैरे झेपत नाही’ असं उत्तर नेहमी येतं. आरएसएस वाचण्याची गूगलची सोय, गूगल रीडर, १ जुलै २०१३ला बंद झाली तेव्हापासून ते ऐकतो आहे. पण पॉडकास्ट आजही मुख्यतः आरएसएसवरच चालतात. ऐकणारा हवं ते ॲप घेतो, हवे ते कार्यक्रम निवडतो, नवा भाग आला की तो त्याच्याकडे येतो, आणि मध्ये बसून तुम्ही काय ऐकावं हे ठरवणारं कोणी लागत नाही. ज्यांनी आरएसएसचं नावही ऐकलेलं नाही अशी कोट्यवधी माणसं ते रोज वापरतात. वाचनासाठी ॲप बनवणाऱ्यांनी ते इतकं सोपं केलं नाही, एवढाच फरक आहे, आणि ते करून दाखवायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.